हिरव्या माकडटोपीचा बंदोबस्त

पोरींच्या सुरक्षिततेबद्दल जयसिंहरावांना चार गोष्टी शिकवील असा माणूस ग्वाल्हेरच्या अख्ख्या थाटीपूर भागात नव्हता! निदान जयसिंहरावांच्या मते तरी नव्हता. त्यांचे पणजोबा फौजेत होते. स्वतः जयसिंहराव वीज खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले, पण पणजोबांची तलवार बैठकीत टांगलेली होती आणि तिच्याखाली बसलं की त्यांना आपोआप सेनापती झाल्यासारखं वाटे.

आता झालं असं, की त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, सोनिकाला, पुण्यात नोकरी लागली. तिनं मोठ्या आशेनं गाडीचं तिकीटसुद्धा काढलं. पण जयसिंहरावांचा होकार निघेना. आठ दिवस धुसफूस झाल्यावर त्यांनी परीक्षाच लावली.

“शनिवारी संध्याकाळी मैत्रिणींबरोबर मेळ्यात जा. मी येणार नाही. दहाच्या आत सुखरूप घरी आलीस, तर पुण्याचं बघू.”

“बघू नाही बाबा, पक्कं सांगा!”

“बरं, पक्कं! पण नियम पाठ कर. भ्यायचं नाही. उजेडात, गर्दीत जाऊन उभं राहायचं. घरी फोन करायचा. मग पोलिसांना सांगायचं. आणि फोनवर फक्त मराठी!”

“मराठीच का?”

“कारण बदमाशाला ती कळत नाही! इतक्या पिढ्या ग्वाल्हेरात काढल्या. बाजारात भाव पाडायचा असो की पाहुण्यांसमोर ‘चहा कमी पडलाय’ म्हणायचं असो, आपलं सगळं गुपित मराठीतच चालतं.”

“अहो, या शहरात निम्म्या गल्ल्यांत मराठी माणसं आहेत,” त्यांच्या पत्नी सुधाताई म्हणाल्या.

“तुला यातलं काही कळत नाही!”

शनिवारी सहा वाजता सोनिका, निधी आणि अपर्णा मेळ्याला निघाल्या. सव्वासहाला जयसिंहरावही निघाले! सेनापती कधी घरात बसतो का? वीस वर्षं वापरलेली तपकिरी माकडटोपी सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक, म्हणून त्यांनी शुक्रवारीच टोपी बाजारातून नवी हिरवी टोपी आणली होती. दुकानदारानं पैसे कमी केले नाहीत, तेव्हा त्याच्या तोंडावरच “लुटारू मेला!” असं मराठीत म्हणून मन हलकं केलं होतं. वर नाकापर्यंत मफलर गुंडाळून ते म्हणाले, “भाजी घेऊन येतो.” मेथी आणायला तोंड कशाला झाकावं लागतं, हे सुधाताईंनी विचारलं नाही.

मेळ्यात पोरी पाळण्यात बसल्या, की हे पाळण्याखाली. पोरींनी एवढ्या थंडीत सॉफ्टी खाल्ली, की हे खांबाआड चरफडले. पोरी बांगड्या बघायला थांबल्या, तेव्हा हे शेजारच्या लोणच्याच्या दुकानात घुसले आणि बरण्यांमागे इतका वेळ उभे राहिले, की दुकानदारानं चव बघायला पाच प्रकारची लोणची तळहातावर ठेवली.

तेवढ्यात फोन वाजला. सोनिका!

“बाबा, घाबरू नका. एक माणूस कधीपासून आमच्या मागे लागलाय. पाळण्याशी होता, सॉफ्टीशी होता. हिरवी माकडटोपी, तोंडावर मफलर. आम्ही उजेडात उभ्या होतो, आता पोलिसांकडे चाललोय.”

जयसिंहरावांच्या अंगात पणजोबा संचारले! माझ्या पोरीच्या मागे? आणि मी तीन तास इथे असून मला दिसला नाही? त्यांना खरोखर लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. त्यांनी चौफेर नजर फिरवली. दहा पावलांवर हिरवी माकडटोपी आणि हनुवटीपर्यंत मफलर ल्यालेला एक माणूस निवांत पापड खात उभा होता. जयसिंहरावांनी झडप घालून लोणच्याच्या हातानंच त्याचा दंड पकडला.

“सोनिका, सापडला! लोणच्याच्या दुकानाशी पोलिसांना घेऊन ये! दिसायला अगदी मवाली आहे. पण तू चिंता करू नको, मी काय बोलतोय ते याला काही कळत नाहीये!”

त्या माणसानं तोंडातला पापड गिळला.

“कळतंय की! मी माधवराव. टोपी बाजारात माझं टोप्यांचं दुकान आहे. काल ‘लुटारू मेला’ म्हणालात, तेही कळलं होतं. गिऱ्हाईक म्हणून गप्प बसलो. आणि हीच टोपी तर तुम्ही माझ्याकडून नेलीत!”

“कुठली टोपी?” असं म्हणत जयसिंहरावांनी डोक्याला हात लावला. मनानं ते अजून तपकिरी टोपीतच होते!

इतक्यात पोरी एका महिला पोलिसाला घेऊन हजर झाल्या. दोन हिरव्या टोप्या बघून त्या बाई चक्रावल्या. “दो-दो? इनमें से कौन?”

“ये वाला!” सोनिका ठामपणे म्हणाली. “जिसके हाथ में अचार है!”

“मफलर हटाओ!”

मफलर खाली आला.

“अरे बाप रे, काका!” निधी किंचाळली. “आम्ही तर डरूनच गेलो होतो!”

पोलीस बाईंनी वही पुढे केली. “घर का कोई है इनके साथ?”

“जी, मैं हूँ. बेटी,” सोनिका म्हणाली आणि वडील सुखरूप ताब्यात मिळाल्याची सही तिनं केली.

“ध्यान रखा करो बेटा. इस उमर में मेले में अकेला मत छोड़ा करो.”

रिक्षात तिघींच्या मधे चेपून बसलेले जयसिंहराव पावणेदहाला सुखरूप घरी पोचले.

“भाजी मिळाली का?” सुधाताईंनी दार उघडत विचारलं.

जयसिंहराव तलवारीखाली बसले, पण आज सेनापती झाल्यासारखं वाटेना. पोर एकाही नियमाला चुकली नव्हती. भ्यालेला कोण होता, ते त्यांना चांगलं कळलं होतं. त्यांचे डोळे भरून आले.

“जा सोनिका. पुण्याला जा. माझ्यापेक्षा शहाणी आहेस.” सोनिकानं त्यांना मिठी मारली. तेवढ्यात ते एकदम दचकले. “अगं, पण तिकडे तर सगळ्यांनाच मराठी कळते!”

“मग हिंदीत फोन करीन,” सोनिका डोळे पुसत म्हणाली. “आणि बाबा, गाडीत तुम्ही मागोमाग याल ना, तेव्हा तपकिरीच टोपी घाला. ओळखायला सोपं जाईल!”

जयसिंहरावांनी हळूच खिशावर हात ठेवला. तिच्याच गाडीचं, शेजारच्या डब्यातलं तिकीट त्यांनी चार दिवसांपूर्वीच काढलं होतं. हिला कसं कळलं?