परातीतली पेशी

दळवी मास्तरांच्या पानात कांदा पडला की ते जेवण विसरायचे. पाकळीच्या आतला पातळ पापुद्रा नखाने सोलायचा, उजेडाकडे धरायचा आणि शेजारच्याला म्हणायचं, "आत बघा, आत! खोल्याच खोल्या!" शेजारचा रात्रभर कापडाचा लूम चालवून आलेला. तो म्हणायचा, "मास्टर साब, दाल ठंडी हो रही है।"

लूमच्या गल्लीत माझी खाणावळ. जेवणारे सगळे कारागीर, त्यात हे एकटे मास्तर. समोरच्या हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायचे. मी चौथीपर्यंत शिकलेली, तरी पेशी मला पाठ, कारण मास्तर वाढणाऱ्यालाही सोडत नसत. दारू पिऊन आलेल्याला मी दारातून परत पाठवायची, भुकेल्याला आत घ्यायची. ते बघून एक दिवस म्हणाले, "मावशी, तुम्ही पेशीपटल आहात."

मला शिवी वाटली. मी म्हटलं, "पटल असंल तुमच्या घरी!"

मग त्यांनी समजावलं. पेशीच्या भोवती पातळ पडदा असतो, आत कोणी यायचं नि कोणी नाही ते तो ठरवतो. काम बरं होतं. मी ठेवून घेतलं.

ती दोन हजार सालानंतरची वर्षं. भिवंडीत वीज मनाला येईल तेव्हा जायची. एकदा असाच अंधार झाला आणि मास्तर ताटावरून बोलले, "पेशीत तंतुकणिका असतात. पेशीचं वीजघर. तिथे लोडशेडिंग नाही!"

अंधारातून लूमवाल्या इद्रिसचा आवाज आला, "मास्टर साब, उधर लूम लगाने को जगह मिलेगी?"

मास्तर निवृत्त व्हायच्या दिवशी सकाळीच पिशवी घेऊन माझ्या चुलीशी आले. शाळेतला सूक्ष्मदर्शक कधीचाच बिघडलेला. म्हणाले, "मावशी, आयुष्यभर फळ्यावर गोल काढला. पोरांना वाटतं पेशी म्हणजे खडूचा गोल. आज शेवटचा तास आहे. एकदा तरी भरलेली पेशी दाखवून जातो."

माझी मोठी परात घेतली. जेलीचं चायना ग्रास उकळून ओतलं, ते झालं पेशीद्रव्य. मधोमध मोठा गुलाबजाम, केंद्रक. मनुका म्हणजे तंतुकणिका. शेवयांची जाळी, साबुदाण्याचे रायबोसोम, आणि एक काजू, लयकारिका, म्हणजे पेशीतला कचरा खाणारी. मी बघतच राहिले. माणसाचा हात असा चालत होता की माझ्या सुनेला शिकवावं. कुठे गुठळी नाही, करपणं नाही.

"मास्तर, स्वयंपाक येतो तुम्हाला?"

"येतो की. चांगला येतो."

"मग माझी पाणीदार आमटी कशाला खाता?"

"ढवळा, मावशी, ढवळा," म्हणाले.

परात थंड करायला ओट्यावर ठेवली आणि मास्तर शाळेत गेले. मी टँकरवर पाणी भरायला गेले. सुनेला बजावलं, "मास्तरांचं हाय, संभाळ." तेवढ्यात वीज गेली. वीज गेली की लूम बंद, आणि लूम बंद की सगळी गल्ली माझ्याकडे जेवायला. आमच्याकडे रीत अशी की जो गावी निघाला किंवा काम सोडून चालला, त्याने शेवटच्या दिवशी सगळ्यांचं तोंड गोड करायचं. मास्तरांचा शेवटचा दिवस हे सगळ्यांना ठाऊक. सून बिचारी ओरडली, "मास्तरांचं हाय!" त्यांनी मान डोलावली आणि वाढून घेतलं.

मी आले तर परात चाटूनपुसून लख्ख. इद्रिस मिशी पुसत म्हणाला, "मौसी, मिठाई बढ़िया थी। बस शक्कर कम।"

मी हंडा तिथेच ठेवला आणि माझ्या तोंडाला येईल ते बोलले. ते इथे लिहीत नाही. त्यातच मास्तर परात न्यायला दोन पोरं घेऊन दारात.

मास्तरांनी परातीत वाकून बघितलं. मग ते हळूच म्हणाले, "केंद्रक कोणी खाल्लं?"

"वो बड़ा गुलाबजाम? जी... मैंने।"

"उठ. मनुका कोणी खाल्ल्या? शेवया? काजू? चला सगळे शाळेत! मावशी, तुम्ही पण. पटलाशिवाय पेशी सांडेल."

शाळेच्या मैदानात चुन्याचा मोठा गोल मारला. मध्ये खुर्चीवर इद्रिस, एखाद्या सेठसारखा. शेवयावाले हातात हात घालून उभे. मनुकावाल्यांनी जागच्या जागी उड्या मारायच्या, कारण ऊर्जा तयार करायची. काजू श्रीनिवासने खाल्लेला. तो तसाही सगळ्यांच्या ताटातलं उरलंसुरलं संपवतो, त्याला काही शिकवावं लागलं नाही. मी गोलाच्या कडेला. हेडमास्तर हा काय तमाशा म्हणून धावत आले, तर मी आडवी आले. "तुमचं आत काय काम हाय?" पोरं हसून हसून जमिनीवर बसली. मास्तर गोलाच्या बाहेर छडी घेऊन नाचत होते. "आत बघा, आत!"

आणि वीज आली. गल्लीतून लूमचा खडखडाट सुरू झाला. इद्रिस खुर्चीवरून उठला, "मास्टर साब, ड्युटी!" आणि पळाला. मागून मनुका, शेवया, साबुदाणा, सगळेच. मी एकटी गोलावर.

एक मुलगी ओरडली, "सर, पेशी मेली!"

"नाही गं," मास्तर म्हणाले. "कामाला गेली. जिवंत पेशी अशीच असते." तास संपल्याची घंटा झाली तरी ते त्या रिकाम्या गोलाकडे बघत उभे होते.

मग काही दिवस मास्तर आले नाहीत. मला वाटलं, बरं झालं, आता घरी चांगलंचुंगलं करून खात असतील. एका दुपारी, शाळेच्या मधल्या सुट्टीच्या वेळेला, बघते तर दाराबाहेर उभे. हातात खडू नाही, छडी नाही. आत येईनात.

"मास्तर, तुम्हाला तर स्वयंपाक येतो."

"येतो, मावशी. रोज केला." चपलेकडे बघत म्हणाले, "पण अमिबासारखं एकट्यानं किती दिवस जेवायचं?"

जागा तर नव्हतीच, पंगत खच्चून भरलेली. मी आत वळून ओरडले, "सरक रे केंद्रका, मास्तर आले! आणि सूनबाई, कांदा चीर."