साळूबाईचे साचे

एका जंगलात, बाळांनो, वाघोबांचा प्लॅस्टिकचा कारखाना होता. तिथे अस्वलांच्या मधाच्या डब्यांची झाकणं बनत. झाकण एवढंसं, पण त्याला आतून आटे, खाचा, कड्या! त्याचा साचा आखायची साळूबाई नावाची साळिंदरीण. एका साच्याला तिला महिना लागे.

एक दिवस व्यवस्थापक तरसराव एक यंत्र घेऊन आले.

"साळूबाई, हे आपोआप साचे आखतं. तुमची सगळी जुनी ड्रॉइंगं याला शिकवलीत."

"मग माझं काय, साहेब?"

"याचा साचा जमला की तुम्ही घरी. आराम करा की!" तरसराव हसले. तरसच ते, हसणारच.

यंत्राने चहा निवायच्या आत साचा आखला. टाळ्या पडल्या. साचा घडवला, प्लॅस्टिक भरलं, साचा उघडला. झाकण काही सुटेना! माकडांनी ओढलं, रेड्याने ओढलं. शेवटी निघालं, पण तुकड्या-तुकड्यांनी.

साळूबाईने आत डोकावलं. "अहो, भिंती अगदी सरळ उभ्या आहेत. तोंडाकडे जराशा फाकलेल्या हव्यात, तरच झाकण सुटतं."

"तुमच्या ड्रॉइंगमध्येही सरळच आहेत!"

"कागदावर मी सरळच काढायची. मग साचा आला की कानशीने घासून उतार द्यायची. दर वेळी."

"हे कुणाला सांगितलं होतंत?"

"कुणी विचारलंच नाही हो."

आता तरी हे आपल्याला घरी धाडणार नाहीत, असं तिला वाटलं. आणि खरंच, नाही धाडलं.

चौकशी समिती बसली. निकाल लागला. यंत्र निर्दोष, कारण ते शिकवलं तसंच वागलं. दोषी साळूबाई. तिने वीस वर्षं अपुरी ड्रॉइंगं काढली! शिक्षा म्हणून यंत्राचा प्रत्येक साचा तिने घासून द्यावा. हुद्दा, यंत्राची मदतनीस.

"अहो, उताराचं त्यालाच शिकवा ना," साळूबाई म्हणाली.

"आता कशाला? तुम्ही आहात की!" तरसराव म्हणाले.

यंत्र रोज दहा साचे आखू लागलं. साळूबाई रोज दहा साचे घासू लागली. वर्षअखेरीस वाघोबांनी उत्तम कारागीर म्हणून यंत्राचा सत्कार केला. हार आणला, पण यंत्राला गळाच सापडेना. मग हार धरून साळूबाईला शेजारी उभं केलं, आणि फोटो यंत्राचा काढला.

तात्पर्य: बाळांनो, काम मन लावून करा, पण कागदावर थोडं कमीच लिहा. सगळं लिहिलंत तर घरी जाल. कमी लिहिलंत तर दोषी ठराल, पण नोकरी पक्की.