अठरा पावलांवर बाक

टिपणीससाहेबांनी आखलेल्या इमारतीत तुम्ही भिंतीतून शिरलात, तर ते तुम्हाला परत बाहेर पाठवत. इमारत अजून उभीच नाही, जमिनीवर नुसत्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा आहेत, ही सबब चालत नसे. "दार तिकडे आहे," एवढंच म्हणायचे आणि तुम्ही फिरून दारातून येईपर्यंत तोंड मिटून उभे राहायचे.

अंबरनाथच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून ते निवृत्त झाले आणि आमच्या आर्किटेक्टकडे येऊन बसले. मी तिथे ड्राफ्ट्समन होतो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. बदलापूरच्या बाहेर, बारवीच्या रस्त्याला सार्वजनिक वनस्पती उद्यान होणार होतं, आणि बघायला येणाऱ्यांसाठी तिथे माहिती केंद्र बांधायचं होतं. पंधरा दिवसांचं काम साहेबांनी तीन महिने लांबवलं. मी रेघ ओढली की म्हणायचे, "कागदावर सगळंच उभं राहतं रे. आधी चालून बघू." मग दर रविवारी विठ्ठलवाडीहून मी आणि हेंद्रेपाड्यातून ते, असे साइटवर. फक्की टाकायची, चालायचं, पुसायची, परत टाकायची. माझ्या सगळ्या पँटींचे पाय पांढरे झाले होते. निंदणीला येणाऱ्या पाड्यावरच्या यमुनाबाईंनी एकदा विचारलंच, "साहेब, रांगोळीच काढताय. घर कवा बांधायचं?"

सगळ्यात मोठा छळ बाकांचा. केंद्राला लांबलचक व्हरांडा, आणि त्यात दर अठरा पावलांवर एक बाक. वीस नाही, पंधरा नाही, अठरा. का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर, "चाल म्हणजे कळेल." मी चाललो. काही कळलं नाही, नुसते पाय दुखले.

शेवटी उद्यानाची समिती साइटवर यायचा दिवस उजाडला. एका कंत्राटदाराचाही नकाशा आला होता, संगमरवरी पायऱ्या आणि लग्नालाही चालेल असा हॉल. दोन्हीपैकी एक त्याच दिवशी मंजूर होणार होता. साहेब सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नव्हते.

समितीचे अध्यक्ष गाडीतून उतरले ते थेट भिंतीतून आत आले.

"दार तिकडे आहे," साहेब म्हणाले.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, मग साहेबांकडे. त्यांच्यामागे उल्हासनगर कॅम्प एकचे एक शेठ होते, समितीचे सभासद. तेच हसून अध्यक्षांना म्हणाले, "चला साहेब, दरवाज्यातून जाऊ. अपना क्या जाता है." तेव्हा कुठे मंडळी फिरून आली. पण अध्यक्षांचा चेहरा आंबला तो आंबलाच.

व्हरांड्यात बाकांच्या फक्कीच्या खुणांशी ते थांबले. "इतकी बाकं कशाला? लोक बाग बघायला येणार की बसायला? निम्मी काढा, तर पुढचं बोलू."

"नाही काढता येणार."

"अठरा पावलांवर बाक, हे कुठल्या नियमात आहे?"

मी मनात म्हटलं, साहेब, हो म्हणा आणि मोकळे व्हा. साहेबांनी हातातली टेप गुंडाळली.

"नियमात नाही. आमच्या हिला अठरा पावलांवर दम लागायचा. मध्ये बसायला नसतं म्हणून ती शेवटपर्यंत कुठल्याच बागेत गेली नाही. मी म्हणायचो, पुढच्या रविवारी नेतो, घडीची खुर्ची घेऊन येतो बरोबर." टेप त्यांनी खिशात टाकली. "कारखान्यात रविवारीही काम असायचं हो."

अध्यक्ष रेघेवरून सावकाश चालत व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले. तिथे आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. परत आले आणि म्हणाले, "असू द्या बाकं. नकाशा ऑफिसात पाठवा, सही करतो."

गाडी गेली. मला नाचावंसं वाटत होतं. साहेब मात्र फक्कीच्या पाटीशी उकिडवे बसले.

"झालं रे मंजूर," ते म्हणाले. "आता रविवारी काय करायचं?"

तीन महिने मी या माणसाच्या नावाने बोटं मोडली होती. त्या क्षणी मला माझीच लाज वाटली.

"साहेब," मी म्हटलं, "बाकाची उंची राहिलीय ठरवायची."

उंची केव्हाच ठरली होती. माझ्याच हाताने ड्रॉइंगवर लिहिलेली होती, आणि खाली त्यांची सही होती.

"खरंच की," ते उठत म्हणाले. "रविवारी घरी ये. तिच्या खुर्चीवर बसून बघू."