चालून दाखवण्याचा कार्यक्रम

कोणतीही बंडखोर कला समाजानं स्वीकारायची, तर आधी तिच्यातलं बंड काढून घ्यावं लागतं. यात कुणाचा दोष नाही. फणसही आपण काट्यांसकट खात नाही. रॅप अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांत जन्मला, तिथून गिटारवाल्यांकडे गेला आणि पुढं सिनेमात स्थिरावला, असं जाणकार सांगतात. तिकडं या प्रगतीला कित्येक वर्षं लागली. कोल्हापुरानं ती एका लग्नसराईत उरकली.

या प्रगतीचा कच्चा माल गडमुडशिंगीच्या संयोगितानं पुरवला. ती राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये गणित शिकवते. (गणित येणं हा लग्नाच्या मुलीतला दोष मानावा की नाही, यावर नातेवाइकांत अद्याप एकमत नाही.) तिला बघायला पाहुणे येत. कार्यक्रम ठरलेला: चहा, नाव, शिक्षण, उंची आणि शेवटी चालून दाखवणं. चालण्याची चाचणी कशासाठी, हे कुणी सांगत नाही; जुनी गाडी घेतानाही आपण एक फेरी मारतोच. एका चाचणीत 'जरा सावकाश' अशी सूचना आली, तेव्हा संयोगिता चालत चालत आतल्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि एक रॅप गाणं लिहिलं.

मैत्रीण अदितीनं कळंब्याच्या तलावावर मोबाईलवर त्याचं चित्रीकरण केलं आणि इंटरनेटवर टाकलं. ताल प्लास्टिकच्या डब्यावर. ओळी सरळ:

'पावणं, चालून दावू का?
आधी तुमचं पोरगं उभं करा,
आईच्या पदराबाहेर चार पावलं
एकटं चालतंय का बघू जरा.
हुंडा नको म्हणता, मान डोलावता,
जाता जाता गाडीचा रंग सांगता.'

जिल्ह्यातल्या पोरींनी ते उचललं. पाहुणे बाहेर बसलेले असताना स्वयंपाकघरात ते हळू आवाजात लावलं जात असल्याचं समजतं.

मग अमरसिंहच्या रॉक बँडला त्यातला राग पसंत पडला. राग हवा होता, कारणं नको होती.

"ताई, शब्द लई झाल्यात," अमरसिंह म्हणाला. "गिटारला जागा कुठाय?"

जागा करण्यात आली. पदर गेला (कार्यक्रमाला अमरसिंहची आई पहिल्या रांगेत बसणार होती). गाडीचा रंग गेला (प्रायोजक गाड्या विकत होते). संयोगितानं मान्य केलं, कारण निदान उरलेलं तरी लांबवर ऐकू जाईल असं तिला वाटलं. ते गेलं. इतकं लांब, की मुंबईचे सिनेसंगीतकार सौमित्र यांच्या कानी पडलं.

सौमित्र यांना तिचा आवाज फार अस्सल वाटला, म्हणून त्यांनी दुसऱ्या गायिकेकडून गाऊन घेतलं. शब्दांपैकी एक ओळ ठेवली. पडद्यावर नायिका 'पावणं, चालून दावू का' म्हणत लाजत चालते आणि सोफ्यावरचे पाहुणे फुलं उधळतात. दृश्य संथ गतीत आहे; 'जरा सावकाश' ही मूळ सूचना अशा रीतीनं अमलात आली. श्रेयनामावलीत गीतकारापुढं 'पारंपरिक' असं आहे. (संयोगिता तेव्हा सव्वीस वर्षांची होती. एवढ्या लहान वयात परंपरा होण्याचा मान क्वचितच कुणाला मिळतो.)

तिनं फोन केला.

"अहो, तुमची ओळ घराघरांत पोचली," सौमित्र म्हणाले.

"ओळ पोचली. मी कुठाय?"

"पोचवताना थोडं सांडतंच."

पुढच्याच रविवारी धैर्यशील नावाचं स्थळ आलं. सोबत आत्या, चिमणाबाई. चहा झाल्यावर आत्यांनी मोबाईलवर तेच गाणं लावलं.

"पोरी, ह्यावर चालून दाव की. हल्ली सगळ्याच दावत्यात."

संयोगिता उठली. मोबाईल तिनं बंद केला आणि सगळं गाणं म्हटलं, पदरासकट, गाडीच्या रंगासकट. तिचे वडील ज्ञानू यांनी हे गाणं पूर्ण कधी ऐकलं नव्हतं. कप हातात तसाच धरून ते ऐकत राहिले.

"चुकतंय तुझं," आत्या म्हणाल्या. "ओरिजिनल असं न्हाय."

धैर्यशीलनं मोबाईलमध्ये खात्री केली. "व्हय. ह्यात पदराचं काय न्हाय."

"गाणं माझंच हाय ते."

"तुझं कसं? खाली पारंपरिक लिवलंय की."

ज्ञानूंनी कप खाली ठेवला. आजवर प्रत्येक पाहुण्याला ते रस्त्यापर्यंत पोचवायला गेले होते. आज बसूनच राहिले.

"च्या झाला न्हवं, पावणं? मग उठा आता."

पाहुणे गेल्यावर लेकीला म्हणाले, "ते गाडीच्या रंगाचं परत म्हण की."

तिनं म्हटलं. ते इतके हसले, की डोळे पुसावे लागले. त्यानंतर ते बराच वेळ पुसतच होते.

या उद्धट वर्तनाची बातमी पंचक्रोशीत पसरली आणि स्थळं येणं थांबलं. घरात साखर पूर्वीपेक्षा जास्त दिवस पुरते. रविवारी संयोगिता आणि अदिती तलावावर दुसरं गाणं बसवतात. गिटारसाठी त्यात मुद्दाम जागा ठेवलेली नाही.

सिनेमातलं गाणं मात्र प्रत्येक हळदीत वाजतं. आपल्या घरच्या हळदीतही वाजलं असेल आणि आपण नाचलाही असाल. संकोच नको, चाल चांगलीच आहे. फक्त जिची हळद होती, त्या मुलीला बघायला गेला होतात, तेव्हा उठता उठता आपण काय विचारलं होतं, तेवढं आठवून बघा. तिनं उत्तर दिलं नाही, असं आपल्याला वाटत असेल. दिलं होतं, स्वयंपाकघरात, हळू आवाजात. आपण सिनेमातली आवृत्ती ऐकलीत.