काट्याखालची चकती

त्या दिवशी आपल्या पायात बूट होते की चपला, हे सरांना आता छातीठोकपणे सांगता येत नाही. डॉक्टरांनी आधी गुडघा दाबला की आधी वजन केलं, याबद्दलही त्यांच्या मनात दोन मतं आहेत. (सरांच्या मनात कुठल्याही गोष्टीबद्दल किमान दोन मतं असतात. चहात साखर घालावी की नाही याबद्दल तीन होती.) पक्क्या आठवतात त्या दोनच गोष्टी. डॉक्टरांना भेट द्यायला त्यांनी स्वतःचा ग्रंथ काखेत मारून नेला होता, आणि काटा एकोणनव्वदवर जाऊन थांबला होता.

ग्रंथाचं नाव ‘मोजमापातील चुका’. सर संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. उभी हयात त्यांनी इतरांच्या मोजण्यातल्या चुका काढण्यात घालवली होती आणि त्यातून हा जाडजूड ग्रंथ जन्माला आला होता. तो विकत घेणारा अजून जन्माला यायचा होता, म्हणून सर तो भेट देत.

“पाच किलो उतरवा,” डॉक्टर म्हणाले. “नाहीतर गुडघा उघडावा लागेल.”

उघडावा! डबा उघडावा तसा! सर घरी पोचेपर्यंत घामाघूम झाले होते.

सोबत आलेल्या पत्नीला मात्र डॉक्टरांनी निघताना दवाखान्याच्या दाराशी थांबवून हळूच सांगितलं होतं, “यांना उत्तेजन द्या. जरा मनाविरुद्ध झालं की हा माणूस हात टेकतो.” पत्नीला हे नवीन नव्हतं. याच माणसाने पोहणं, सतार आणि डायरी या तिन्ही गोष्टी पहिल्याच आठवड्यात सोडलेल्या तिने पाहिल्या होत्या. तिने ते फोनवर लेकीला सांगितलं, लेकीने जावयाला.

सरांनी त्याच संध्याकाळी वजनकाटा आणला. गोल तबकडीचा, न्हाणीघरात ठेवायचा. त्यावर उभे राहिले तर साडेसत्त्याऐंशी! सर गालातल्या गालात हसले.

“पाहिलंस? दीड किलोची चूक. कारखान्यातूनच सदोष माल आलाय.”

“बदलून आणा मग,” पत्नी म्हणाली.

“बदलायचं कशाला? दुरुस्त करायचं. हे बघ, इथे खाली ही चकती असते. ती फिरवायची, की काटा सरकतो.” त्यांनी चकती फिरवून काटा डॉक्टरांच्या एकोणनव्वदशी जुळवला. लेक आणि जावई नेमके तेव्हाच आले होते. दोघांनी हे प्रात्यक्षिक लक्षपूर्वक पाहिलं. सरांच्या व्याख्यानाला इतकं लक्ष देणारे श्रोते पूर्वी कधी मिळाले नव्हते.

आता रोज सकाळी सर बागेला फेऱ्या मारू लागले. साखर बंद, तळलेलं बंद, दुपारची झोप बंद. आठवडाभराने काट्यावर चढले. एकोणनव्वद. उतरले, पुन्हा चढले. एकोणनव्वद.

“जाऊ दे,” सर पलंगावर बसत म्हणाले. “आपल्या नशिबात गुडघा उघडणंच आहे. चहात दोन चमचे साखर टाक.”

पत्नीने साखर टाकली नाही. ती केर काढायला न्हाणीघरात गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, “एकदा नीट उभे राहून बघा हो. मघाशी तुम्ही भिंतीला टेकला होतात.”

सर चढले. अठ्ठ्याऐंशी!

त्या दिवशी त्यांनी बागेला दोन फेऱ्या जास्त मारल्या आणि माळ्याला थांबवून चयापचय समजावून सांगितला.

दोन दिवसांनी लेक आली. “बाबा, किती बारीक दिसताय!” असं म्हणून ती हात धुवायला गेली. उत्तेजन द्यायचं तर ते आकड्यांत द्यायला हवं, नुसत्या शब्दांवर बाबांचा विश्वास बसत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिने दोन किलो काढले. तिच्यामागून जावई गेला. सासऱ्यासाठी काहीतरी करायची त्याची फार दिवसांची इच्छा होती आणि त्याचा हात मुळातच जड होता. त्याने तीन काढले. घरातल्या माणसांची रीतच अशी, की कुणाचं वाईट चिंतलं तर चारचौघांत सांगतील, पण चांगलं केलं तर शेजारच्या खोलीला कळू देणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी काटा त्र्याऐंशीवर होता.

सर आधी हरखले. मग खाली उतरून विचार करू लागले, आणि सर विचार करू लागले की घरातलं हवामान बिघडतं. तीन दिवसांत पाच किलो? हे चालण्याने होत नाही. हे कशाने होतं, ते त्यांनी वाचलं होतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

पत्नीला वाटलं, यांना हेही कमी वाटतंय. तिने आणखी दोन किलो काढले.

संध्याकाळी खात्री करायला सर पुन्हा चढले. एक्याऐंशी.

त्यांनी आलेख काढला. रेघ सरळ खाली येत होती आणि पुढच्या महिन्याच्या अखेरीस शून्याला टेकत होती. त्या दिवशी आपण नेमके कुठे असू, हे तपासायला सरांकडे सूत्र नव्हतं. त्यांनी ताबडतोब उपाय सुरू केला. लोणी फासलेले पावाचे तुकडे, उकडलेले बटाटे, साखरेचा चहा, सगळं कपाटाच्या आडोशाला उभं राहून, चोरून. पत्नीच्या हे ध्यानात आलं. पथ्य मोडतंय म्हणजे धीर सुटतोय, असं समजून तिने सकाळी आणखी एक किलो काढला.

ऐंशी! बटाटे खाऊनही ऐंशी! आता शंकेला जागा उरली नाही.

सरांनी लेक-जावयाला बोलावून घेतलं आणि आरामखुर्चीत बसून आवाज खाली आणला.

“ही सतार तू ने. तारा तेवढ्या बदल.” मग जावयाकडे वळून ते म्हणाले, “ग्रंथाच्या एकशे नव्वद प्रती आहेत माळ्यावर. त्या तुमच्या.”

जावयाने माळ्याकडे पाहिलं. “पण झालंय काय?”

“नऊ किलो गेलेत माझे. दहा-बारा दिवसांत. खाऊनही जातायत.” सरांनी पत्नीकडे बोट दाखवलं. “हिला सांभाळा. हिला विजेचं बिल भरता येत नाही.”

“बिल गेली तीस वर्षं मीच भरतेय!” पत्नी म्हणाली आणि लगेच पदर डोळ्यांना लावला. “अहो, असं काही बोलू नका. चारच किलो गेलेत. ते मीच काढले. चकती फिरवून.”

“आई, तू?” लेक ओरडली. “अगं, मीसुद्धा दोन काढलेत!”

सगळे जावयाकडे बघू लागले.

“मी अंदाजाने फिरवली,” जावई म्हणाला. “तीनेक असतील.”

सर खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. आपण मरत नाही याचा आनंद आणि आपण बारीक होत नाही याचं दुःख एकाच चेहऱ्यावर मावत नव्हतं.

“तुम्हाला कुणालाही,” ते शेवटी म्हणाले, “रिकामा काटा शून्यावर नाही हे मला दिसेल, अशी भीती वाटली नाही?”

“तुम्ही कुठे रिकाम्या काट्याकडे बघता?” पत्नी म्हणाली.

हे खरं होतं. मोजण्याआधी शून्य तपासावं, हे ‘मोजमापातील चुका’ या ग्रंथाचं पहिलंच वाक्य आहे.

“संपलं,” सर म्हणाले. “उद्यापासून चालणं बंद. गुडघा उघडा, नाहीतर आणखी काय वाटेल ते उघडा.”

तिघांनी मिळून त्यांना डॉक्टरांकडे ओढून नेलं. डॉक्टरांनी सगळं ऐकलं, ओठ घट्ट मिटून हसू आवरलं आणि सरांना काट्यावर उभं केलं.

साडेसत्त्याऐंशी.

“दीड किलो उतरलंय,” डॉक्टर म्हणाले. “हा काटा कुणी फिरवलेला नाही.”

“बटाटे खाऊन!” सर कुजबुजले. त्यांची मान हळूहळू वर आली. “म्हणजे हे दीड किलो माझे आहेत. निखळ.”

त्या दीड किलोने सरांना जे बळ दिलं, ते तिघांच्या नऊ किलोंनी दिलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी फेऱ्या कधी चुकवल्या नाहीत. वर्षभरात पाच किलो उतरले, गुडघा मिटलेलाच राहिला. मात्र बागेतल्या प्रत्येक धापा टाकणाऱ्या माणसाला थांबवून ते पहिल्या दीड किलोची कथा सांगत. “पहिले दीड महत्त्वाचे. ते स्वतःचे लागतात.” माळ्याला ती पाठ झाली होती.

बऱ्याच वर्षांनी डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. आवराआवर करताना सरांचा ग्रंथ सापडला. तो त्यांनी स्वतः आणून दिला. पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती.

“त्या पहिल्या दिवशी हा तुमच्या काखेतच होता,” जाता जाता डॉक्टर म्हणाले. “तुम्ही काट्यावरून उतरून मग मला दिलात. मला दुसऱ्या खेपेला आठवलं. पण म्हटलं, उत्तेजन द्यावं.”

सरांनी अर्थातच विश्वास ठेवला नाही. पत्नीला काही न सांगता ते ग्रंथ घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. आधी रिकामा काटा शून्यावर आहे ना, ते वाकून पाहिलं. मग ग्रंथ ठेवला.

“बरोबर दीड किलो,” दुकानदार म्हणाला. “रद्दीत धरू?”