गार पडलेल्या फिल्टराची बखर

श्री. जिच्या कृपेकरून लोखंड लोखंडास खात नाही त्या वंगणदेवतेस साष्टांग नमन करोन हे वर्तमान लिहिले. शके अठराशें अमुक, काजळी नाम संवत्सर, चैत्र वद्य पंचमी. एक राज्य होते, ते डोंगरावर होते, आणि पाणी डोंगराखाली होते, आणि राज्य बांधतां पूर्वजांनी ही गोष्ट मनास आणिली नव्हती. मग तळ्याकाठीं डिझेलचे एक थोर इंजीन बसविले, ते पाणी वर चढवी, आणि दसऱ्यास त्यास पागोटे मिळे. इंजिनाचे कुशीस बायपास फिल्टर म्हणोन डब्याऐसे एक आडवाटेचे ठाणे होते. बहुत तेल राजमार्गाने फिरे, थोडे थोडे या ठाण्यांतून जाई, आणि ठाणे त्यांतील बारीक काजळी पकडोन कैदेत ठेवी. तेल घालण्याचे कामावर मैनाबाई होती, तिची लेक ठमी नऊ महिन्यांची, दांत येत होते, म्हणोन पाठीशीं बांधोनच बाई तेल घाली.

ऐसे असतां दिवाण खंडेरावजी पाहणीस आले आणि त्यांनी चालत्या इंजिनाच्या फिल्टरावर हात ठेविला, तो चटका बसला. "ज्वर! ज्वर!" ऐसा एकच हाकारा जाहला. मग राजवैद्य भानशास्त्री यांणीं डब्यास चंदनाचा लेप दिला, धण्याच्या पाण्याच्या पट्ट्या ठेविल्या, आणि महिनाभर हा उपचार चालला, आणि एके सकाळीं इंजीन धडधडत असतां डबा गार लागला. तेव्हां नौबत वाजली, हत्तीवरून साखर वाटली, आणि शास्त्रीबोवांस पांढराशुभ्र शेला मिळाला.

मैनाबाईने साखर ठमीच्या जिभेस लाविली आणि पट्ट्या काढोन उलटा हात डब्यास लाविला. ती म्हणाली, "अहो बुवा, इंजीन तापलंय, नळ्या तापल्यात, आन् हा एकटाच गार? जितं माणूस गार पडलं तर साखर वाटता का?"

"बाई, शास्त्र तुझे की माझे?"

"शास्त्र तुमचंच. हात माझा. ह्यातनं ऊन तेल जातं म्हणून हा ऊन असतो. आता गच्च भरलाय, तेल शिरतच नाही."

"मग इंजीन कैसे चालते?"

"तीच तर गोम आहे. मोठ्या वाटेनं चालतं, काजळी तशीच फिरते, आन् एक दिवस घासून घासून बसतं. मग पाणी काय शास्त्रानं चढवणार?"

दिवाणजी कोपले. हुकूम जाहला कीं, नवा फिल्टर घालावा, आणि दोन घटकांत तो तापला नाहीं तर अपशकुनी बोलल्याबद्दल बाईने लेकीसह डोंगर उतरावा. मग इंजीन थांबविले, निवूं दिले, बाईने जुना फिल्टर काढिला, तो आंत काळा चिखल, आणि त्यांतील एक थेंब शास्त्रीबोवांच्या शेल्यावर पडला आणि मधोमध काळाकुट्ट डाग पसरला. नवा घालोन, तेलाची भर करोन, इंजीन चालू केले. बाई हात ठेवोन उभी राहिली. एक घटका गेली, डबा गारच. शास्त्रीबोवा डाग झांकीत बोलले, "बोचके बांधा, बाई." ठमी पाठीवर रडूं लागली. बाईने दुसरा हात मागे नेवोन तिला थोपटले, पण पहिला काढिला नाहीं. इंजीनच निवलेले, तेल तापावयास वेळ हवा, हे बाई जाणे. मग पंजाखालीं कोमट जाहले, मग ऊन, मग हात ठरेना. बाईच्या डोळां पाणी आले.

मग दरबारीं ठराव जाहला कीं, "गरम तो खुशाल, गार तो बदलावा," आणि हात लावण्याकरितां तीन सरदार नेमिले. ते मोठे दक्ष. सांजचे वेळीं त्यांणीं ठमीच्याही कपाळीं हात ठेविला आणि दिवाणजींस वर्दी दिली, "सरकार, गरम आहे, खुशाल आहे!" नौबतवाल्यांनी टिपऱ्या उचलिल्या. मैनाबाई म्हणाली, "मेल्यांनो, हे लेकरू आहे, फिल्टर नव्हे!" आणि शास्त्रीबोवांच्या हातांतली धण्याच्या पाण्याची पट्टी ओढोन घेतली आणि लेकीच्या कपाळीं ठेविली.

तात्पर्य, पट्टी अखेर योग्य ठिकाणीं पोंचली. पहाटे ठमीचा ताप उतरला, खालीं फिल्टर गरम होता, आणि डोंगरावर पाणी आले. इति.