शेऱ्याला वाचा फुटली

आमच्या लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत अक्कल असलेला माणूस एकच, आणि तो मी! सर्व्हर विभाग म्हणजे मी एकटा. दोन वर्षं कंत्राटावर राबतोय, पण कायम करायचं कुणी नाव काढत नाही. म्हणून डोकं लढवलं आणि लिहिलेलं वाचून दाखवणारा सर्व्हर फोनला जोडला. ग्राहकाने तक्रार क्रमांक दाबायचा, मशीन गोड आवाजात स्थिती सांगणार. मालकीणबाईंना आवडलं की माझी कायमची ऑर्डर निघणार होती!

काल चाचणी घेतली, तर मशीन मुकं! बघतो तर 'स्थिती'चा रकाना सगळीकडे कोरा. तळपायाची आग मस्तकात गेली.

"मावशी, स्थिती का भरत नाही?" तक्रारी घेणाऱ्या मावशींवर मी ओरडलो.

"सगळं 'शेरा'मध्येच लिहितो आम्ही. बारा वर्षं झाली. आणि आवाज खाली!"

बारा वर्षं! यांच्यापुढे काय डोकं फोडणार? दातओठ खात सर्व्हर 'शेरा'ला जोडला. शेरे वाचत बसायला मला वेळ होता कुठे!

आज सकाळीच एक आजोबा पाच जिने चढून, धापा टाकत ऑफिसात हजर.

"मला 'चिकट म्हातारा, उद्यावर ढकला' कोण म्हणालं?"

"मशीन म्हणालं, आजोबा," मावशी शांतपणे म्हणाल्या.

मी सर्व्हर बंद करायला बटणाकडे धावलो, तोवर मालकीणबाई दारात! "माझ्या घरच्या लिफ्टची तक्रार दिली होती, ओळख न सांगता. बघू या," म्हणत त्यांनी मोबाइल स्पीकरवर टाकला.

"बाई, नको! सर्व्हर तापलाय!"

"तापू दे."

मशीन मधाळ आवाजात बोललं, "बाई कजाग आहेत. पुन्हा फोन आल्यास 'माणूस निघालाय' सांगावे. कोणीही निघू नये."

माझा संताप अनावर झाला. "मावशी, लाज नाही वाटत? असा शेरा लिहिणाऱ्याला आत्ताच्या आत्ता घरी पाठवा, बाई!"

"शेरा लिहिणारा, सर्व्हर विभाग," मशीन म्हणालं.

आता मावशी जेवायला गेल्या असताना मी एक फोन उचलला होता, हे खरं आहे. पण बाई बोलल्याच होत्या तशा!

"ही माहिती उपयोगी वाटल्यास एक दाबा."

मालकीणबाईंनी माझ्याकडे रोखून बघत एक दाबला.